वाचकांचे प्रश्न : रॅलीसाठी जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन

प्रश्न : माझ्याकडे 2002 ची एस्टीम आहे. रॅलीत उतरवायची इच्छा आहे. जांबोटीच्या पुढं कच्च्या रस्त्यावर जोरात नेली की खड्ड्यात पुढून 'धाड्' असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, वर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घालून दोन इंच उचलू आणि जाड तारेच्या स्प्रिंगा टाकू. तेवढ्यानं भागेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : भागणार नाही. एस्टीमला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. चाकाला वर जायला जागा उरली नाही की स्ट्रट बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवास अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. तो आवाज बहुधा त्याचाच. टॉप माउंटवर (स्ट्रट वर बॉडीला जोडतो तिथं) 50 मिमीचा स्पेसर घातला तर अख्खा स्ट्रट खाली सरकतो. शॉकअपचा दांडा मात्र पूर्वी जेवढा आत जात होता तेवढाच जाणार. शिवाय चाक हवेत लोंबकळताना जास्त खाली जातं, त्यामुळं अॅक्सलचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटचा, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा, रबरी बूट फाटतो आणि तांबडी माती आत शिरली की जॉइंट गेलाच. गाडी उंच झाली म्हणून चाकाचा प्रवास वाढत नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करा.

खर्च करण्याआधी मोजा. शॉकअपचं रबरी धूळकव्हर वर सारून दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधा आणि खाली नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगानं पाच किलोमीटर चालवा. टाय बंप स्टॉपपर्यंत ढकलला गेला असेल तर वरचा प्रवास संपतोय. दोन बोटं जागा शिल्लक असेल तर आवाज झिजलेल्या टॉप माउंटचा, बॉल जॉइंटचा किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचा आहे. तो दुरुस्तीचा विषय आहे.

आता स्प्रिंग. तारेची जाडी चौथ्या घातानं काम करते. वेढ्यांची संख्या आणि व्यास तोच ठेवून तार 12 ची 13 मिमी केली तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. उदाहरणादाखल, एका कोपऱ्यावर 250 किलो भार धरा. मिलिमीटरला 2 किलोची स्प्रिंग 125 मिमी दबते, पावणेतीन किलोची 91. म्हणजे मोकळी लांबी तीच ठेवली तर गाडी आपोआप 34 मिमी वर येते. स्पेसरची गरजच कुठं राहिली? पण तेवढाच दांडाही बाहेर येऊन बसतो आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते. एकूण प्रवासातला तिसरा हिस्सा तरी खालच्या बाजूला राखा, नाहीतर उंचवटा ओलांडताना चाक माती सोडतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. कमी लांबीची स्प्रिंग करून घेतलीत तर गाडी जॅकवर घेऊन हातानं हलवून बघा. ती आपल्या बैठकीत खुळखुळता कामा नये. वेढा कापणं किंवा गॅसनं तापवून बसवणं अजिबात नको. तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी (टेंपर) उतरतं आणि ती बसत जाते.

कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरू शकत नाही. स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला धरून ठेवणं हे शॉकअपच्या रिबाउंडचं काम, तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअप एकाच वेळी, एकमेकांना जुळवून बदला. पैसे मोजकेच असतील तर ते शॉकअपवर घाला. साधा तेलाचा शॉकअप सलग खड्ड्यांत तापतो, तेलात फेस होतो आणि चार-पाच किलोमीटरनंतर गाडी नाचायला लागते. गॅस भरलेला जास्त टिकतो. ब्रॅकेटला जोडपट्टी लावायची असेल तर भरलेल्या शॉकअपवर वेल्डिंग करू नका. आत तेल आणि दाब असतो, तो फुटू शकतो.

जुन्या गाडीत स्ट्रट टॉवरचा (स्ट्रटचं वरचं टोक बसतं त्या बॉडीच्या भागाचा) पत्रा हीच खरी कमकुवत जागा. दोन्ही टॉवरच्या मधल्या नटांमधलं अंतर आधी लिहून ठेवा. रंग आणि सीलंट खरवडून जोड उघडा करा, गंज दिसला तर तो पत्रा बदला. मग बॅटरी काढून मिग वेल्डिंगनं 25 मिमी टाका, 25 मिमी मोकळं, असं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात शिवा. सलग वेल्डिंगनं पत्रा वाकतो. वर 2 मिमीची जोडपट्टी द्या आणि पाणी निघायची भोकं उघडी ठेवा. बेळगावच्या उद्यमबागेत असं काम करणारा कारागीर शोधायला वेळ लागणार नाही, मात्र मापं स्वतः घ्या.

जोडणीत नेहमी होणारी चूक : गाडी जॅकवर असतानाच लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळतात. रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत धरला जातो, गाडी खाली आली की पिळला जातो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी सैल लावा, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा दाबा आणि मगच आवळा. अलाइनमेंटही पुढं दोन माणसं बसवून, अर्ध्या टाकीवर करा. मातीसाठी उणे एक ते दीड अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला), दोन्ही बाजूंना सारखा, आणि टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत की बाहेर) शून्य किंवा मिलिमीटरभर बाहेर, इथून सुरुवात करा. शेवटी स्प्रिंग काढून नुसता स्ट्रट बसवा आणि चाक 20-20 मिमी उचलत प्रत्येक पायरीला टो मोजा. तो झपाट्यानं बदलत असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन बिघडलेत. उंची कमी करा.

प्रश्न : असे बदल केलेली गाडी रोज रस्त्यावर वापरता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. बदल हाती घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. शक्य असेल तर रॅलीची गाडी ट्रेलरवरून न्यावी.

प्रश्न : जिप्सीला पुढं स्प्रिंगचा जादा पाटा घालू का? उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी खाली घासते.
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : जादा पाट्यानं गाडी वर येईल, पण कडक होऊन उड्या मारेल. आधी बसलेले पाटे कमान देऊन घ्या. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) लावू नका. पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. काम झाल्यावर शंभर किलोमीटरनंतर पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटे बसताना ते हमखास सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टवर मधला सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकतो.