घराला कुलूप असतानाही मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय. मीटर फास्ट आहे का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवस गावी होतात, फ्रिजसुद्धा बंद करून गेला होतात, आणि परत येऊन बघता तर मीटरचा लाल दिवा आपला लुकलुकतोय. शेजारी म्हणतात मीटर फास्ट आहे, बदलून घ्या. मी वीसेक वर्षं वायरिंगची कामं घेतोय. खरोखर फास्ट निघालेली मीटर्स बोटांवर मोजण्याइतकी पाहिलीत. घरातल्या वायरिंगची भानगड मात्र वरचेवर निघते.

आधी मीटरच्या तोंडावर छापलेलं वाचा. युनिटमागे किती इम्पल्स तो आकडा तिथे असतो, बहुतेक ३२००, काहींवर १६००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आता सगळं बंद करून फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. ३२०० च्या मीटरवर तासाला ३२० वेळा, म्हणजे साधारण सव्वाअकरा सेकंदांनी एकदा दिवा लागायला हवा. एकदा लुकलुकला की मोबाइलचं घड्याळ सुरू करा आणि पुढचे दहा मोजा. ११२ सेकंदांच्या आसपास आलात तर मीटर बरोबर आहे. व्होल्टेज चढं असेल तर शंभरेक सेकंदही येतील, त्याने घाबरू नका. ७०-८० सेकंदांतच दहा झाले तर मात्र तक्रारीत दम आहे.

हाच हिशोब उलटा लावा. तुमचा दिवा पावणेदोन-दोन मिनिटांनी एकदा लुकलुकत असेल तर कुठेतरी दहा वॅट चालू आहेत. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स किंवा राउटर एवढं सहज खातो. महिन्याला सात युनिटं झाली. गावी जाताना तुम्ही मेन स्विच पाडला होता की नुसती बटणं बंद केली होती, ते लिहिलं नाहीत.

म्हणून आता मेन पाडा आणि पाच मिनिटं मीटरसमोर उभे राहा. लुकलुकणं थांबलं तर खाणारं घरातच आहे: एकेक एमसीबी (बोर्डावरचा त्या-त्या लाइनचा स्विच) चढवत गेलात की कुठल्या लाइनवर आहे ते सापडेल. ओल लागलेल्या भिंतीतली वायर, गीझरची फुटलेली कॉइल, हे नेहमीचे.

मेन पाडूनही थांबलं नाही, तरी लगेच मीटरला शिव्या देऊ नका. माझ्या स्वतःच्या घरी हेच झालं होतं. मेन बंद, तरी सकाळी साडेसहाला मीटर धावायचं आणि मीटरवरचा ‘अर्थ’चा दिवा लागायचा. दोन दिवस डोकं खाजवलं. साडेसहाला शेजारच्या काकांचा गीझर सुरू व्हायचा! मीटरबोर्डाचं काम करताना माझ्याच हाताखालच्या पोराने दोन्ही फ्लॅटच्या न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, एकत्र पिळल्या होत्या. आताची मीटर्स चोरी पकडण्यासाठी फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतात आणि जो जास्त असेल तो धरतात. काकांच्या गीझरचा थोडा करंट माझ्या न्यूट्रलमधून परतत होता, आणि तो माझ्या नावावर चढत होता. साध्या मेनने फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून मेन पाडून उपयोग नव्हता. न्यूट्रल वेगळ्या केल्या, विषय संपला. काकांना दोन महिने चहा पाजावा लागला, कारण तोवर मी त्यांच्यावरच संशय घेत होतो.

एवढं करूनही शंका उरली तर वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांचा माणूस ॲक्युचेक नावाचं यंत्र तुमच्या मीटरसोबत लावून दोन्हींची युनिटं ताडून बघतो. घरगुती मीटर सहसा क्लास १ चं असतं, म्हणजे चूक एका टक्क्याच्या आसपास. तपासणीच्या वेळी समोर थांबा, आणि गीझर किंवा इस्त्रीसारखं काहीतरी चालू ठेवा. मीटर बदललंच, तर जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचा नंबर अहवालावर लिहिल्याशिवाय सही करू नका, दोन्हींचे फोटो काढा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि आलेलं बिल नीट बघा. घर बंद होतं म्हणता, तर रीडिंगच घेतलं गेलं नसेल आणि मागच्या वापरावरून सरासरी बिल लावलं असेल. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’ किंवा तसलं काही छापलंय का? तसं असेल तर मीटरचा आणि या बिलाचा काही संबंध नाही. आजच्या रीडिंगचा फोटो जोडून बिल दुरुस्त करून मागा. पुढे साठलेली युनिटं एकदम आली तर ती महिन्यांत विभागून स्लॅब लावलाय का तेही तपासा, नाहीतर उगाच वरच्या दराने भराल.

मीटरचं सील मात्र कुणालाही तोडू देऊ नका, ‘आतून बघून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला तर नाहीच. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये मीटरशी छेडछाड ही चोरीतच धरली आहे.