तांग चीनचा 'जिएदूशी' : सुभेदार, सरंजामदार की पुंड?

तांग राजवटीच्या पडत्या काळात चीनमध्ये जे प्रांतोप्रांतीचे फौजबंद अधिपती शिरजोर झाले, त्यांना इंग्रजी पुस्तकं 'वॉरलॉर्ड' म्हणतात. मराठीत 'युद्धसरदार' चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते नको. हा शब्द कोणाच्या तोंडी नाही, शिवाय त्यात माणसाचा हुद्दा हरवतो. चिनीत तो 'जिएदूशी'. 'जिए' म्हणजे बादशहाने हाती दिलेली अधिकाराची खूण, 'शी' म्हणजे पाठवलेला माणूस. म्हणजे मुळात नेमणुकीचा सरकारी अंमलदार. 'सुभेदार' हाच जवळचा शब्द. सरंजामदार म्हटलं की फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख आठवतो. तसं इथे नव्हतं. पुंडाला सनद लागत नाही, यांना ती हवीच असे.

आन लूशान या जिएदूशीने तांग दरबाराविरुद्ध केलेलं बंड (७५५–७६३) शमलं ते त्याच्याच सरदारांना उत्तर चीनमधल्या हबेईत सुभे देऊन. त्यातल्या वेइबोच्या त्यान छंगसीने महसूल दरबारी धाडला नाही, अधिकारी आपणच नेमले, वर निवडक दहा हजारांची हुजरात, म्हणजे खाशी फौज, उभी केली. ७७९ मध्ये तो वारला आणि पुतण्या जागेवर बसला. दरबाराने मान डोलावली. दोनच वर्षांनी शेजारच्या छंगद सुभ्यात बापामागे मुलाला सनद द्यायला बादशहा दझोंगने नकार दिला, तर थेट लढाईच जुंपली. सनदेची किंमत एवढी!

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. मोगल सुभ्यात महसूल दिवाणाकडे असे. जिएदूशीकडे बहुधा फौज आणि मुलकी कारभार दोन्ही. तेव्हा १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतरचा निजाम डोळ्यांपुढे आणा : नावाला सुभेदार, कारभाराला राजा.

या सुभ्यांना चिनीत 'फानझन' म्हणतात. 'फान' म्हणजे कुंपण, 'झन' म्हणजे ठाणं. कुंपणानेच शेत खाल्लं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. चू वन हा तांगांविरुद्ध उठलेल्या हुआंग छाओच्या बंडातला सरदार. ८८२ मध्ये तो दरबाराला मिळाला. बादशहाने त्याचं नाव ठेवलं 'छुआनझोंग', म्हणजे पूर्ण निष्ठावान, आणि आजच्या काइफंगचा सुभा दिला. त्याने ९०४ मध्ये बादशहा झाओझोंगला मारवलं, ९०७ मध्ये तांग राजवटच संपवली.

१९१६ नंतरच्या चीनमधल्या सेनाधिपतींना चिनी शब्दच निराळा आहे, 'जुनफा'. त्यांना खुशाल 'लष्करशहा' म्हणा.