ब्रँडेड की असेंबल्ड? आणि फंडाच्या आठ लाखांचं काय?

प्रश्न: मी एसटीतून नुकताच निवृत्त झालो. मुलगा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून दोन वर्षं इथल्याच एका दुकानात कामाला आहे, पगार अकरा हजार. आता त्याला स्वतःचं दुकान टाकायचंय. एक डिस्ट्रिब्युटर म्हणतो, आठ लाखांचे ब्रँडेड कॉम्प्युटर भरा, दुकानाच्या नावाचा बोर्ड आम्ही फुकट लावून देऊ. मुलगा म्हणतो, ब्रँडेडमध्ये काही सुटत नाही, असेंबल्डच, म्हणजे सुटे पार्ट आणून स्वतः जोडलेलेच, विकायचे. पैसे माझ्या फंडातले. कोणाचं ऐकू? आणि सगळं मोबाइलवर होत असताना या धंद्यात त्याचा जन्म निघेल का?
– एक पालक, बार्शी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाचं म्हणणं आहे, डिस्ट्रिब्युटरचं आहे. गिऱ्हाइकाचं कुठेच नाही, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

बार्शीसारख्या गावात घरासाठी घेणारा बहुतेक वेळा लॅपटॉप घेतो, आणि तोही दुकानात उभा राहून मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवत. त्याच्याशी भावात झुंजायला जाऊ नये. पतसंस्था आणि शाळा यांना मशीनइतकाच कागद महत्त्वाचा असतो. कोटेशन, जीएसटीचं बिल, कंपनीची ऑनसाइट वॉरंटी, उद्या ऑडिटरने विचारलं तर दाखवायला नाव. तिथे ब्रँडेडच जातो. फोटो स्टुडिओवाल्याची तऱ्हा वेगळी. लग्नसराईत त्याच्याकडे शूटिंगचा ढीग पडलेला असतो. ग्राफिक कार्ड कुठलं, रॅम किती, पुढच्या वर्षी आणखी एक एसएसडी बसेल का, हे तो तुमच्या मुलाला विचारणार. तो असेंबल्डचा पक्का गिऱ्हाईक. टायपिंग इन्स्टिट्यूट किंवा एमएस-सीआयटीचं केंद्र मात्र कुठेही झुकतं. भाव बघतात, आणि मशीन बंद पडलं की तासाभरात माणूस हजर पाहिजे, एवढीच त्यांची अट.

तेव्हा दुकानात दोन्ही लागणार. तुमच्या घरातला वाद ब्रँडेड-असेंबल्डचा वाटतो, पण मला काळजी वाटते ती आठ लाखांच्या मालाची.

हिशेब करून बघा. तुम्ही निवृत्त आहात; हेच आठ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर दर तिमाहीला १६,४०० रुपये हातात येतात, महिन्याला साडेपाच हजारांच्या आत. आता समजा, एका ब्रँडेड मशीनमागे सगळा खर्च जाऊन दीड हजार सुटले. महिन्याला चार मशीन विकली तर कुठे ते व्याज भरून निघालं. गाळ्याचं भाडं, लाइटबिल आणि मुलाची मजुरी अजून धरलेलीच नाही. वर कॉम्प्युटर हा तांदूळ नव्हे, ठेवला तर जुना म्हणून भाव चढत नाही. कंपनीने नवीन मॉडेल काढलं की फळीवरच्या खोक्याचा भाव त्याच दिवशी उतरतो.

ब्रँडेड मशीन ऑर्डर आली की मागवायचं, आगाऊ रक्कम घेऊन. डिस्ट्रिब्युटर हे सहसा नाकारत नाहीत. फक्त दर थोडा चढा लावतात आणि फुकट बोर्ड देत नाहीत. चालेल.

मुलाला सांगा, "असेंबल्डमध्ये सुटतं" हे अर्धंच खरं आहे. ब्रँडेडच्या किमतीत बहुधा विंडोजचं लायसन्स आलेलं असतं. असेंबल्ड स्वस्त दिसतो तो पुष्कळदा लायसन्स न धरल्यामुळे, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, "विंडोज तसंच टाकून द्या ना, सगळे देतात." लायसन्सशिवाय असं टाकून देण्याला कॉपीराइट कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. एकतर लायसन्सचे पैसे कोटेशनमध्येच लावायचे, नाहीतर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून द्यायचं आणि बिलावर तसं लिहायचं. नव्या दुकानाने या बाबतीत भीड धरू नये.

दुसरं वॉरंटीचं. ब्रँडेड बिघडला तर कंपनीचा इंजिनिअर येतो. असेंबल्डमध्ये प्रोसेसरची वॉरंटी वेगळी, मदरबोर्डची वेगळी, एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेगळी. गेलेला पार्ट सर्व्हिस सेंटरला पाठवायचा आणि वाट बघायची. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं, तो ज्याने विकलं त्याचाच गळा धरतो. म्हणून प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर वहीत आणि बिलावर हवा, आणि तोवर लावून द्यायला एक जादा रॅम, एक जादा एसएमपीएस दुकानात हवा.

भाव चढण्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. या कामात येण्याआधी माझीही अशाच एका दुकानात भागीदारी होती. २०११ मध्ये एका शाळेला वीस असेंबल्ड मशीनचं कोटेशन दिलं. ऑर्डर यायला महिना गेला, आणि त्याच ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर येऊन हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले. डिस्कचा भाव बघता बघता दुपटीला भिडला. कोटेशनवर मुदत घातलेली नव्हती, शाळेने जुन्याच दरावर बोट ठेवलं. नफा गेलाच, घरचे पैसेही घातले. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या बाबतीत तसंच झालं. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि गल्लीतल्या दुकानदाराचे भाव फिरले. "हा दर सात दिवसांपुरता" ही ओळ कोटेशनवर छापून घ्यायला सांगा.

आता जन्म निघेल का, हा प्रश्न. नुसती खोकी विकून निघणार नाही. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला तर निघेल. लोक मशीन आणून ठेवतात, "डिस्प्लेच येत नाही." कॅबिनेट उघडलं की आत बोटभर धूळ, क्वचित वाळलेली पालसुद्धा. रॅम काढायची, तिचे सोनेरी पाय शाळेतल्या खोडरबराने हळू घासायचे, पुन्हा बसवायची. पुष्कळदा एवढ्यावर मशीन सुरू होतं. याचे दीडशे-दोनशे घेतले तरी त्यात माल अडकत नाही, आणि हाच माणूस पुढचं मशीन घ्यायला इथेच येतो.

सध्या काम आहेही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. गावातल्या ऑफिसांत त्याआधीची मशीन ढिगाने आहेत. असेंबल्ड असेल तर कॅबिनेट तेच ठेवून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलता येते. छोट्या ब्रँडेड डब्यात पुष्कळदा एसएमपीएसचा आकार आणि जोड कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला मदरबोर्ड बसत नाही. कुठे बदलायचं आणि कुठे "नवीनच घ्या" म्हणायचं, हे ज्याला कळतं त्याला शाळा आणि पतसंस्था वार्षिक देखभालीचं कामही देतात. भाडं त्यातून निघतं.

मुलाने आणखी सहा महिने नोकरी सोडू नये. दोन वर्षं त्याने बहुधा मागच्या टेबलावरच काढली असतील. आता मालकाला सांगून काउंटरला बसावं. उधारी कोण बुडवतो, वॉरंटीचा पार्ट किती दिवसांनी परत येतो, जीएसटीचं रिटर्न कसं भरतात, हे तिथेच कळतं. सोबत नेटवर्किंग आणि सीसीटीव्ही बसवणं शिकून घ्यावं, गावात त्याला वर्षभर मागणी असते. या सहा महिन्यांत, मालकाला सांगूनच, रविवारी स्वतःची किती गिऱ्हाइकं झाली ते वहीत लिहावं.

पंचवीस-तीस जमली तर लहान गाळा, दुरुस्तीचं टेबल, हत्यारं आणि थोडे सुटे पार्ट. एवढ्यासाठी मुद्रा योजनेत 'किशोर' गटातून पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मागता येतं. कर्ज मुलाच्या नावावर असू द्या. हप्ता त्याचा त्याने भरावा.

तुमच्या फंडातून द्यायचेच असतील तर लाखभर द्या, उसने म्हणून. सहा महिन्यांनी ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.