निळ्या डोळ्याचे दहा हजार जादा

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ब्रीडरकडून (कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडून) डाल्मेशियन जातीच्या कुत्र्याचं दहा आठवड्यांचं पिल्लू घेतलं, नाव ठेवलं तिळ्या. बाकी पिल्लं १८ हजारांना होती. याचा एक डोळा निळा, म्हणून 'रेअर पीस' सांगून २८ हजार घेतले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की कुकरच्या शिट्टीनेही तिळ्या जागा होत नाही. ब्रीडरला व्हॉट्सअॅपवर कळवलं, तर म्हणाला, "डाल्मेशियन हट्टीच असतात." आता पावतीवरची 'विकलेले पिल्लू परत घेतले जाणार नाही' ही ओळ दाखवतो आणि फार तर पुढच्या वेतातलं दुसरं पिल्लू देतो म्हणतो. गेल्या आठवड्यात झोपलेल्या तिळ्याला शेजारच्या मुलाने हात लावला, तेव्हा तो दचकून अंगावर गेला. दात नुसते लागले, जखम नाही. सोसायटीने 'कुत्रा काढा' अशी चिठ्ठी दिली आहे. घरचे म्हणतात, शेतावर सोडून या. मी काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर:

ताई, आधी सोपं सांगतो. पैसे मागायचा तुम्हाला हक्क आहे, नाशिकमध्येच मागता येतील आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं नाही. अवघड भाग सिद्ध करण्याचा आहे, आणि त्याची तयारी याच महिन्यात करायला हवी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'वस्तू' म्हणजे कुठलीही जंगम मालमत्ता. कुत्र्याला वस्तू म्हणणं तुम्हाला रुचणार नाही, मलाही रुचत नाही, पण खरेदी-विक्रीच्या कायद्यात गाय, घोडा, कुत्रा सगळे याच खात्यात जमा होतात आणि इथे ते तुमच्या फायद्याचं आहे. तुम्ही घरी पाळायला पिल्लू घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक. एक मात्र तपासा. सौदा ठरताना "पुढे ब्रीडिंग करू" असं काही लिहून बसला आहात का? असेल तर समोरचा वकील 'व्यापारी हेतू' म्हणून पहिल्याच तारखेला तुम्हाला ग्राहकाच्या व्याख्येबाहेर काढायला बघेल.

आता डोळ्याकडे येऊ, कारण तुमची केस तिथेच आहे. निळा रंग स्वतः बहिरेपणा आणत नाही. डोळ्याला, कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. शंखासारख्या त्या भागाला रक्तपुरवठा करणारा एक पट्टा असतो, तो या पेशींवाचून टिकत नाही. डाल्मेशियनमध्ये पांढरा रंग आणणारं जे अनुवांशिक कारण आहे, त्यानेच या पेशी कमी पडतात. बुबुळापर्यंत त्या पोचल्या नाहीत तर डोळा निळा राहतो, कानात पोचल्या नाहीत तर पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत तो पट्टा झडतो आणि ऐकू येणं कायमचं जातं. म्हणून निळा डोळा हा धोक्याचा इशारा. या विषयावर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्य विद्यापीठाचे प्रा. जॉर्ज स्ट्रेन यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आकड्यांनुसार तिथल्या डाल्मेशियनपैकी सुमारे ३० टक्के बहिरे निघतात: साधारण २२ टक्के एका कानाने, ८ टक्के दोन्ही कानांनी. निळ्या डोळ्यांच्या डाल्मेशियनमध्ये हे प्रमाण तपकिरी डोळ्यांच्यांपेक्षा जास्त असतं.

समोरून पहिला बचाव येईल तो हस्कीचा. "सायबेरियन हस्कीचेही डोळे निळे असतात, ते काय बहिरे असतात?" नसतात, खरं आहे. हस्कीच्या निळ्या डोळ्याचं अनुवांशिक कारणच वेगळं आहे, २०१८ मध्ये ते शोधून काढलं गेलं, आणि त्याचा कानाशी संबंध जोडलेला नाही. तुमच्या तक्रारीत 'निळ्या डोळ्यांचे कुत्रे बहिरे असतात' असं सरसकट वाक्य कुठेही येऊ देऊ नका, त्या एका वाक्यावर ते तुम्हाला घेरतील. 'डाल्मेशियनमध्ये' हा शब्द प्रत्येक ठिकाणी असू द्या. (ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कोली, ग्रेट डेन यांच्या ठिपकेदार 'मर्ल' रंगाच्या दोन कुत्र्यांची जोडी लावली की काही पिल्लांत रंगाचं जनुक दुहेरी येतं आणि बहिरेपणाचं प्रमाण चांगलंच वाढतं. तशी पिल्लंही 'रेअर' म्हणून जादा भावाने विकली जातात. इतर वाचकांनी खिशात हात घालण्याआधी हे लक्षात ठेवावं.)

दुसरा बचाव: "आईबाप दोघं ठणठणीत ऐकतात." एका कानाने बहिरा कुत्रा घरात अगदी नॉर्मल वाटतो, त्यामुळे चाचणी केल्याशिवाय या म्हणण्याला अर्थ नाही. आईबापांचे चाचणी अहवाल मागा. बहुधा नसतील, आणि 'नाहीत' हेच उत्तर तुमच्या कामाचं.

तिसरा बचाव खरा त्रासदायक: "माझ्याकडून नेलं तेव्हा ऐकत होतं, तुमच्या घरी काहीतरी झालं." विकताना दोष होता हे दाखवणं तुमच्याकडे आहे. जन्मजात बहिरेपणा पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि तुम्ही दहा आठवड्यांचं पिल्लू घेतलं, म्हणजे वेळेचा हिशोब तुमच्या बाजूने आहे. पण कानाचा संसर्ग किंवा काही औषधं, विशेषतः जेंटामायसिनसारखी, यांनीही ऐकू येणं जाऊ शकतं. म्हणून पशुवैद्यांच्या अहवालात स्पष्ट लिहून घ्या की कानाची नळी स्वच्छ आहे, पडदा शाबूत आहे, संसर्गाची खूण नाही. घरी आणल्यापासूनची औषधांची सगळी प्रिस्क्रिप्शनं एकत्र लावा.

सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे 'बेरा' चाचणी. तान्ह्या बाळांची कान-नाक-घसा दवाखान्यात करतात तीच. कुत्र्याच्या डोक्याच्या कातडीत बारीक सुया टोचून तारा जोडतात, एकेका कानात टिकटिक असा आवाज सोडतात, आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते स्क्रीनवर उमटतं. ऐकणाऱ्या कानाची रेघ लाटांसारखी वरखाली होते, बहिऱ्या कानाची सपाट राहते. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की ही चाचणी होते, म्हणजे ब्रीडरला विक्रीआधी ती करून घेणं शक्य होतं. मुंबईत परळचं आणि सातारा जिल्ह्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे ही सोय आहे का, फोन करून विचारा. नसेल तर पशुवैद्यांची लेखी तपासणी आणि तुमचा व्हिडिओ यांवर भागवावं लागेल.

व्हिडिओ कसा काढायचा तेही सांगतो, कारण लोक ताट आपटून मोकळे होतात. ताट पडलं की फरशी हलते आणि बहिरा कुत्राही मान वळवतो. तिळ्या जागा असताना, त्याची पाठ तुमच्याकडे असताना, दुसऱ्या खोलीतून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. त्याला तुमची सावली दिसता कामा नये, वाऱ्याची झुळूक लागता कामा नये. मध्ये न तोडता एकच व्हिडिओ, आधी तारीख बोलून. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरचे निरोपही मूळ स्वरूपात जपा, त्यांच्या छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायचं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांचा फार कीस काढत नाहीत, पण जोडलेलं बरं.

तुमच्या हातातला हुकमी कागद मात्र वेगळाच आहे: 'निळा डोळा म्हणून रेअर' असं सांगून दहा हजार जादा मागितल्याचा निरोप. जाणकार लोक जी खूण बघून आधी कान तपासतात, तीच त्याने गुण म्हणून विकली. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद देत असेल तर अजून उत्तम. केसीआय जिच्याशी संलग्न आहे त्या, कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणाऱ्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या डाल्मेशियनच्या मानकात निळा डोळा आणि बहिरेपणा हे दोन्ही अपात्र ठरवणारे दोष आहेत. अमेरिकन केनेल क्लबला निळा डोळा चालतो, हे तो सांगेल. सांगू द्या. चालतो म्हणजे दुर्मीळ म्हणून जादा किमतीचा होतो असं नाही.

पावतीवरच्या त्या छापील ओळीचं दडपण घेऊ नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा याच कलमात अनुचित प्रथाच आहे. पावतीत मुदत नसेल तर कायदा ३० दिवस धरतो आणि तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच लेखी कळवलंत. 'माल बघून घेतला होता' हेही चालणार नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, पाहणीत जो दोष दिसायलाच हवा होता तेवढ्यापुरतंच खरेदीदाराला बोल लावता येतं. उड्या मारणाऱ्या पाच पिल्लांत एक बहिरं आहे हे भल्याभल्यांना कळत नाही, भावंडं पळाली की तेही पळतं.

आता कुठे आणि कसं. आधी १५ दिवसांची लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टने, पोच ठेवून. मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे दावा चालतो, ब्रीडरच्या गावाला खेटे घालायचे नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि अर्ज केल्यास व्हिडिओवरून सुनावणीही मिळू शकते. मुदत दोन वर्षांची आहे, पण पुरावा शिळा होतो. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त धरून चला. गंमत अशी की मालाची तपासणी करायची तर नमुना घेऊन सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवा, असं याच कायद्याचं कलम ३८ सांगतं. तिळ्याला सील कसं लावणार? म्हणून आयोगाने नेमलेल्या पशुवैद्यांकडून तपासणी व्हावी असा वेगळा अर्ज तुम्हीच द्या.

मागणी किती करायची? २८ हजार (तिळ्याला ठेवणार असाल तर किमतीतली तूट), चाचण्यांचा आणि औषधांचा खर्च, प्रशिक्षण लावलं तर त्याची पावती, मनस्तापाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. पाच लाखांचा आकडा टाकून केस हलकी करू नका. फसवणुकीची फिर्याद करता येते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण पोलीस 'हा दिवाणी वाद' म्हणून परत पाठवण्याची शक्यता मोठी. ती ताकद दुसरीकडे लावा. कुत्रे पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. मागणीच्या पत्रातच नोंदणी क्रमांक विचारा, आणि पिल्लाच्या मायक्रोचिपची व लसीकरणाची नोंद मागा. या एका परिच्छेदाने अनेकांचा सूर बदलतो.

पण याच्याही आधी घरात एक निर्णय घ्या: तिळ्या तुम्हाला हवा आहे का? हवा असेल तर 'परत घ्या' असं कुठेही लिहू नका, किमतीतली तूट आणि नुकसानभरपाई मागा. नको असेल आणि परत दिलात, तर विकता न येणाऱ्या बहिऱ्या कुत्र्याचं तो माणूस काय करेल याचा विचार तुम्हीच करा. माझं मत विचाराल तर ठेवा. बहिरे कुत्रे हातवाऱ्यांवर, टॉर्चच्या उघडझापीवर छान शिकतात.

शेतावर 'सोडून' मात्र येऊ नका. उपाशी-तहानलेलं राहील अशा रीतीने प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये, तेव्हाचाच, म्हणजे हसू येईल असा, पण हॉर्न ऐकू न येणारा कुत्रा रस्त्यावर किती दिवस टिकेल? कुणी राजीखुशीने सांभाळायला घेत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र बहिरेपणा लेखी सांगून द्या, नाहीतर त्या ब्रीडरने तुमच्याशी केलं तेच तुम्ही पुढच्याशी कराल.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. चिठ्ठीला दोन ओळींचं सभ्य उत्तर द्या. पण शेजारच्या मुलाचा प्रसंग हलका घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, पाळलेल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिळ्या ऐकत नाही आणि झोपेत दचकतो हे आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पुढच्या वेळी 'कल्पना नव्हती' म्हणता येणार नाही. बाहेर नेहमी पट्टा, पट्ट्यावर 'मला ऐकू येत नाही' अशी ठळक पट्टी, झोपायची जागा मुलांच्या हाताबाहेर. रेबीजच्या लशीचं कार्ड सोसायटीच्या उत्तराला जोडा, आणि त्या मुलाला डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आजच दाखवायला सांगा. जखम दिसत नसली तरी दात लागले आहेत.

राहिलं ते दुसऱ्या पिल्लाचं. बदली माल घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही, आणि त्याच आईबापांच्या पुढच्या वेतातलं पिल्लू तर मी बेराच्या अहवालाशिवाय हातातही धरणार नाही. तो पैशांवर तडजोडीला आला तर फोनवर 'हो' म्हणू नका. रक्कम, तारीख आणि 'कुत्रा तक्रारदाराकडेच राहील' हे वाक्य कागदावर येऊ द्या, आणि 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' या ओळीखाली सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा.