एशियन हायवेसाठी घर गहाण?

नमस्कार, पत्र मिळालं. मुलगा धुळ्यात सिव्हिलच्या लास्ट इयरला, सीजीपीए 7.1, उन्हाळ्यात फोरलेनच्या साइटवर इंटर्नशिप केली आणि आता तिथेच जॉइन होतो म्हणतोय. आणि तुमचं म्हणणं असं की गावावरून एशियन हायवे जातो, पुढे सगळं काम इंटरनॅशनल स्टँडर्डचं होणार, फॉरेनचं एमएस नसेल तर त्याला कुणी विचारणार नाही, म्हणून घर तारण ठेवून 40 लाखांचं लोन.

मार्कांचं मला काहीच टेन्शन वाटलं नाही. खटकलं ते तुमचं एक वाक्य, "इंजिनीअर केला तो रस्त्यावर बसून वाळू मोजायला का, पाहुण्यांना काय सांगू?" अख्ख्या पत्रात मुलाचं म्हणणं अर्धी ओळ, त्याच्या आईचं तर कुठेच नाही, पाहुणे मात्र तीनदा आलेत. स्पष्टच बोलतो, राग मानू नका, 40 लाख तुम्ही पाहुण्यांसाठी काढताय.

आणि ती वाळू काय असते ते ऐका. रोलर फिरून गेला की त्या थरात छोटा गोल खड्डा घेतात, निघालेला माल कणही न सांडता गोळा करून वजन करतात, मग सिलिंडरमधली ठरलेली वाळू खड्ड्यात सोडतात, किती गेली त्यावरून खड्ड्याचं माप निघतं आणि थर कितपत दाबला गेलाय ते कळतं. सबग्रेडला, म्हणजे रस्त्याखालच्या मातीच्या थराला, लॅबमधल्या कमाल घनतेच्या 97 टक्के लागतात, त्यावरच्या जीएसबी-डब्ल्यूएमएम या खडीच्या थरांना 98. कमी आलं तर परत रोलिंग, नाहीतर थर उकरा, आणि हे कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला तोंडावर सांगावं लागतं, ते पण तो वयाने दुप्पट असताना. पोराला हे आवडतंय म्हणजे नशीब समजा, भल्याभल्यांना उन्हात उभं राहवत नाही.

आता तुमचा गैरसमज. एशियन हायवे म्हणून कुणी वेगळा रस्ता बांधलेला नाही. तुमच्याकडचा एएच 47 म्हणजे आपला मुंबई-आग्रा रोड, जुना एनएच 3, आणि नागपूर-कोलकात्याकडे जाणारा एएच 46 म्हणजे जुना एनएच 6. आशियातल्या देशांनी एकमेकांना जोडणारे आपापले रस्ते एका यादीत दिले, त्याचा करार 4 जुलै 2005 पासून लागू झाला, संयुक्त राष्ट्रांचा आयोग त्याचं काम बघतो पण टेंडर काढत नाही की इंजिनीअर भरती करत नाही. करारात रस्त्यांचे क्लास पाडून किमान अटी दिल्या आहेत, क्लास वनला चार लेन, लेन 3.5 मीटर, सपाटीला डिझाइन स्पीड ताशी 100 किमी, पुलाखाली 4.5 मीटर उंची. आपलं आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, फोरलेन मॅन्युअल बघा, लेन तेवढीच, स्पीड तेवढाच, उंची तर 5.5 मीटर. म्हणजे आपल्याच कोडप्रमाणे नीट काम केलं की ते स्टँडर्ड गाठलं जातं, आणि तो कोड तुमचा मुलगा इथेच शिकतोय.

खरं घोडं अडतं ते रस्ता सुरू झाल्यावर. करारातल्या सगळ्यात वरच्या प्रायमरी क्लासला अॅक्सेस कंट्रोल लागतो, म्हणजे वाटेल तिथून गाडी आत घुसता कामा नये. आणि आपल्याकडे ढाब्यावाला दुभाजक फोडून स्वतःचा कट करतो, उसाचा ट्रॅक्टर रात्री राँग साइडने येतो, मागे रिफ्लेक्टरही नसतो. हे शोधून कागदावर आणणारी माणसं हवी आहेत, त्याला रोड सेफ्टी ऑडिट म्हणतात. दोन-तीन वर्षं साइट केल्यावर त्याने तिकडे वळावं असं माझं मत, दिल्लीच्या सीआरआरआय या रस्ते संशोधन संस्थेत त्याचे कोर्स होतात. गेट, ईएसई, एमपीएससी या परीक्षा आहेतच, द्यायच्या तर नोकरी करतही देता येतात. फॉरेनला जायचंच असेल तर तेव्हा जाऊदे, काय शिकायचंय ते तरी माहीत असेल.

बँकेचे पेपर सध्या थांबवा. लोन त्याच्याही नावावर निघणार, सही त्याची लागणार आणि हप्ते त्यालाच भरायचेत, तर निदान त्याला एकदा विचारा तरी.