विमा मिळतो म्हणून हॉस्पिटलातच ठेवायचं?

प्रश्न: सासूबाईंना ओव्हरीचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. केमो थांबवली. डॉक्टर म्हणतात, हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करतात तिथे, हलवा. पॉलिसी ५ लाखांची, पण टीपीएवाले (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारे) म्हणतात हॉस्पिसचा क्लेम बसत नाही. दीर म्हणतात, मग हॉस्पिटलातच राहू दे, विमा तरी मिळेल. मी हॉस्पिसचं नाव काढलं की ‘सुनेला सुटका हवीय’ असं ऐकावं लागतं.
– एक सून, पुणे

उत्तर: ताई, टीपीएवाले खोटं बोलत नाहीत. पॉलिसीत वगळलेल्या खर्चांच्या यादीत ‘एक्सक्ल ०५’ शोधा. नुसता आराम, अंघोळ-कपड्यांसारखी देखभाल आणि अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या शारीरिक, भावनिक, आध्यात्मिक गरजांसाठीची सेवा, सगळं त्यातच बसवलंय. शिवाय विम्याच्या व्याख्येतल्या हॉस्पिटलला मोठ्या शहरात किमान १५ खाटा आणि स्वतःचं ऑपरेशन थिएटर लागतं. हॉस्पिसला थिएटर कशाला असेल?

पण दीरांचा हिशेबही चुकतोय. हॉस्पिटलात खाट अडवली म्हणून क्लेम पास होत नाही. गोळ्या आणि सलाईनवर आठवडा काढला, तर ‘हे घरीही झालं असतं’ म्हणून नाकारतात. आणि ज्या खर्चासाठी हा आटापिटा, तो मुळात नसेलच. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर किंवा वांद्र्याचं शांती आवेदना सदन कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य करतं. बायोप्सी, शेवटचा स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवून आधी फोन करा.

हे दिरांना तुम्ही सांगू नका. नवरा आणि दीर दोघांना डॉक्टरांसमोर बसवा आणि ‘इथे ठेवून आता नेमकं काय करणार?’ एवढंच विचारायला लावा. सासूबाई शुद्धीत असतील तर त्यांनाही विचारा. बऱ्याच घरांत तेवढंच राहून जातं.

विमा अडीअडचणीसाठी राखा. या आजारात पोटात पाणी भरतं, आतडं अडकून उलट्या होतात, वेदना गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यासाठी ॲडमिट करणं हा उपचारच आहे. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, केलेलं सगळं लिहायला सांगा: किती लिटर पाणी काढलं, मॉर्फिनचं इंजेक्शन किती आणि किती तासांनी. कार्डावर नुसतं ‘सपोर्टिव्ह केअर’ आलं की फाइल सरळ त्या ०५वर जाते. नुसतं पाणी काढायला काही तासच लागतात, क्लेमसाठी लागणारे ॲडमिशनचे २४ तास भरत नाहीत; तेव्हा ते डे-केअरमध्ये (२४ तासांहून कमी वेळाचे उपचार) बसतं का, हे टीपीएकडून आधी लेखी घ्या.

डिस्चार्जनंतर बहुतेक पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांची औषधं आणि तपासण्या मिळतात. प्रत्येक बिलाला प्रिस्क्रिप्शन जोडा. ब्यूरोची मावशी, डायपर, हवेची गादी मात्र खिशातूनच.

घरातल्या जुन्या फायली एकदा उपसा. गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी निघाली, तर ती निदानावर एकरकमी पैसे देते आणि ते कुठेही खर्च करता येतात.

ॲडमिशनचा क्लेम नाकारला, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकीलही लागत नाही.