नाटकवाल्यांचे प्रश्न : स्टेजवर समुद्र कसा आणायचा?

प्रश्न : मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. यंदा गॅदरिंगला निर्वासित मुलांच्या समुद्रप्रवासावर बालनाट्य बसवतोय, सातवी-आठवीची मुलं आहेत. शेवटी होडी बुडते. तालमीत बाकांची होडी करून सगळ्यांना बसवलं तर एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, इतकी माणसां चढली तर होडी उलटतली!" सगळे फिदीफिदी हसले, सीन फिसकटला. गांभीर्य कसं टिकवायचं? आणि समुद्राला निळा पडदा चालेल का?

उत्तर : बाई, आधी त्या पोराला शाबासकी द्या. नाटकातलं सगळ्यात खरं वाक्य त्याने बोलून टाकलंय आणि तुम्ही त्यालाच गप्प करायला निघालात! २०१५ साली दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रातून युरोपात पोचली, त्यातली बहुतेक तुर्कस्तानातून समोरच्या ग्रीक बेटांवर, रबरी डिंगीतून, म्हणजे हवा भरलेल्या छोट्या होडीतून, आणि अंतर म्हणाल तर काही ठिकाणी पलीकडचे दिवे दिसावेत एवढंच. पण डिंगीत किती माणसं कोंबायची ते पैसे घेणारा दलाल ठरवणार, तो स्वतः बऱ्याचदा किनाऱ्यावरच थांबणार आणि इंजिनचा दांडा चढलेल्यांपैकीच कुणाच्या तरी हातात देणार, मग त्याने जन्मात होडी चालवलेली नसली तरी. यातली भीती तुमच्या वर्गातल्या तांडेलाच्या नातवाला जेवढी कळेल तेवढी शहरातल्या मुलाला कळायची नाही. म्हणून ते वाक्य ठेवा, मालवणीतच ठेवा. लोक हसतील, हसू देत. त्यावर दलाल झालेल्या पोराने काही बोलायचं नाही, नुसतं हाताने "सरका" करायचं आणि अजून एकाला आत ढकलायचं. बघा हसणं कसं थांबतं ते.

निळा पडदा नको. दोन मुलं कडेला साडी हलवत उभी राहिली की पब्लिक साडी कुणाच्या आईची ते ओळखत बसतं. त्यापेक्षा होडीतल्या सगळ्यांनी एका लयीत डुलायचं, इंजिनची घरघर विंगेतून तोंडाने काढायची आणि मध्येच बंद करायची. बास.

आणि बुडणं दाखवू नका, इथे मी हट्ट धरणार. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानात बोडरुमजवळच्या किनाऱ्यावर अ‍ॅलन कुर्दी या सीरियन चिमुरड्याचा मृतदेह सापडला, तो फोटो सगळ्या जगाने पाहिलाय, तो परत मांडून कुणाला काय नवीन कळणार? शिवाय ज्यांच्या घरचं माणूस दर्यावरून परत आलं नाही अशी माणसं तुमच्याच प्रेक्षकांत असणार ना. त्यापेक्षा लाइफ जॅकेट घ्या. तुर्कस्तानात खोटी जॅकेटं सर्रास विकली जायची, आत पॅकिंगचा फोम, जो तरंगण्याऐवजी पाणी पितो, जानेवारी २०१६ मध्ये इझमीरला पोलिसांनी अशी हजारावर जॅकेटं पकडली होती. तर स्टेजवर खरी बादली, खरं पाणी. एक मुलगी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारते, मग सहज म्हणून जॅकेटचा कोपरा पाण्यात धरते, थोडं थांबते आणि पिळते, पाणी गळतच राहतं. ती आईकडे बघते आणि तेच जॅकेट घालते. इथे पडदा टाकलात तरी चालेल.

प्रश्न : पालक म्हणतात सीरियाबिरिया आपल्याला कशाला, शिवरायांवर बसवा. काय सांगू? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : शिवरायांवरही बसवा की, कोण नको म्हणतंय. पण पालकांना विचारा, आंबा घाट चढून कोल्हापूरला जाता तेव्हा जवळचं वळिवडे माहितीये का? १९४३ ते १९४८ तिथे जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, जास्त करून बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली, तिथून इराण, मग कित्येक जण बोटीने कराची आणि पुढे आपल्याकडे. हा विषय आपल्या दारात येऊन पाच वर्षं राहून गेलाय. ज्याला सीरिया लांब वाटतो त्याने वळिवडे बसवावं.

प्रश्न : त्या अमल नावाच्या मोठ्या बाहुलीसारखी बाहुली शाळेत करता येईल का? (कुडाळहून)

उत्तर : येईल, पण उंचीचा मोह आवरा. अमल म्हणजे नऊ वर्षांची सीरियन निर्वासित मुलगी, साडेतीन मीटर उंच, दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग कंपनीने बनवलेली, २०२१ मध्ये तुर्कस्तानातल्या गाझिअँतेपहून मँचेस्टरपर्यंत सुमारे आठ हजार किलोमीटर गेली. तिच्या आत एक जण उंच काठ्यांवर चालतो आणि दोघं दोन हात धरतात. काठ्या पोरांना देऊ नका, हातपाय मोडून घेतील. बांबूचा सांगाडा खांद्यावर घ्या, शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या मुलांना ते शिकवावं लागणार नाही. आणि अहो, कुडाळहून मला काय विचारताय, पिंगुळी गाव तुमच्या शेजारी! तिथली ठाकर मंडळी पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतायत, मान कशी वळवायची ते त्यांच्याकडून शिका. फक्त डोकं कागदाच्या लगद्याचं करा, जड झालं की मान लटकते.